चोख हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडले तरी हा विषय मी वळसा घालून टाळत आले — न जाणो, त्यानंच विचारलं तर? तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही माझ्या अंगणात कधी आला नाहीत, माझ्या हातचं कधी जेवला नाहीत. पण एक अट आहे. आधी माझी फुशारकी ऐकून घ्यावी लागेल. काय करणार — माझा गुन्हा त्या फुशारकीच्या पोटातच बसलाय. आणि फुशारकी मारायला मला अजूनही मनापासून आवडतं.

तर ऐका. वर्ध्याचा वैशाख तुम्ही पाहिलाय का? बाजारात कांदे, बटाटे आणि फार तर एखादं कोहळं. हिरव्या भाजीचं म्हणाल तर नाव नको. अशा दिवसांत सिंदी मेघ्यातल्या एका घरी ताटात हिरवेगार मटर असायचे आणि वाटीत टमाटरचं लालबुंद सार. सत्तरच्या दशकातली गोष्ट सांगतेय मी, आमच्या आख्ख्या गल्लीत फ्रीज नव्हता तेव्हाची! ते सगळं काचेच्या बरण्यांतून निघायचं. हिवाळ्यात भरलेलं, उन्हाळ्यात उघडलेलं. आणि त्या बरण्या भरायची मी. दुसरं कुणी नाही — मी.

मी वर्धा शहरातली, मॅट्रिक झालेली. सिंदी मेघे तेव्हा आतासारखं घरांनी भरलेलं नव्हतं. आमच्या घरामागे विहीर होती आणि विहिरीला लागून मळा. माझं आणि इंदूचं लग्न एकाच मांडवात लागलं — मोठ्या भावाला मी, धाकट्याला ती. माझा नवरा सायकलनं वर्ध्याला कचेरीत जायचा, दीर मळा बघायचा. इंदू आर्वीकडची. शाळा जेमतेम चौथीपर्यंत, बोलणं त्याहून कमी. पण लोणच्याला तिचा हात असा, की माहेराहून तिनं आणलेली बरणी आम्ही पंधरवड्यात चाटूनपुसून संपवली होती.

घरावर राज्य सासूबाईंचं. त्यांना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. धान्य, पापड, लोणची ठेवायची आतली खोली म्हणजे कोठी, आणि कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला. कोठीचा कायदा एकच — पाळी आलेल्या बाईची सावलीसुद्धा तिथं पडायची नाही. पडली तर लोणच्याला बुरा धरलाच म्हणून समजा. पाळी आली की ‘कावळा शिवला’ म्हणायचं आणि चार दिवस पडवीच्या कोपऱ्यात बाहेर बसायचं. वेगळी चटई, वेगळं ताट. मला वाटायचं, मी मॅट्रिक, माझा यावर काडीचा विश्वास नाही. असं वाटणं फार सोपं असतं, नाही का?

दुसऱ्या हिवाळ्यात मी माहेरी गेले असताना तिथल्या एका महिला मंडळानं वर्ग काढला. भाज्या आणि सूप बरणीत भरून टिकवायचे कसे, याचा. मी गेले. पहिल्याच दिवशी वेडी होऊन परत आले! बरण्या उकळून घ्यायच्या, गरम सार गरम बरणीत ओतायचं, रबरी चकतीचं झाकण सैलसर लावायचं, पातेल्याच्या तळाला फडकं घालून त्यात बरण्या उकळत ठेवायच्या. मटर-गाजर असेल तर पातेलं चालत नाही, तिथं प्रेशर कुकरच लागतो. मग झाकण घट्ट पिळायचं आणि गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गार होताना झाकण मधोमध आत ओढलं जातं. ते आत गेलं की तुम्ही जिंकलात. शिकवणाऱ्या बाई सांगायच्या — झाकण फुगलं तर चाखूनसुद्धा बघू नका, बरणी सरळ पुरून टाका.

घरी येऊन सांगितलं तर आत्याबाई कपाळाला हात लावून बसल्या. “शिजलेलं अन्न सा महिने ठेवतं का वं कोनी? गावभर हासू करशीन आमचं!” पण त्या वर्षी मळ्यात भेदरं — आम्ही टमाटरांना भेदरं म्हणतो — इतकी पिकली होती, की गाईसुद्धा तोंड फिरवायच्या. शेवटी म्हणाल्या, “एक खेप करून पाय. वाया गेलं तं पुन्हा नाव काढू नको.”

भेदरं तोडून अंगणात ढीग पडला. बरण्या धुऊन उन्हात पालथ्या घातल्या. आणि त्याच सकाळी मला कावळा शिवला.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? चार दिवस बाहेर बसले असते तर ढीग सडला असता. आणि आत्याबाईंनी जन्मभर ऐकवलं असतं — शहरातली पोरगी, गाजराची पुंगी! मी सांगितलंच नाही. उलट वरून म्हटलं, माहेरीच होऊन गेलं, आत्याबाई. आणि पदर खोचून चुलीपुढे बसले. दिवसभर सार गाळलं, मीठ-साखर घातली, बरण्या भरल्या, उकळल्या. पोटात कळा येत होत्या आणि मी गाणी म्हणत होते.

अडचण एकच होती, पाळीच्या कपड्यांची. चुलीसाठी कपाशीची वाळलेली झाडं, पराटी म्हणतात ती, मागच्या अंगणात रचलेली असायची. तिच्यामागे मी माझे धुतलेले कपडे वाळत टाकले. संध्याकाळी आणायला गेले तर त्यांच्यावर पराटीचा एक भारा आडवा पडलेला. बाहेरून काही दिसत नव्हतं. वाऱ्यानं पडला असेल म्हटलं आणि मनातल्या मनात वाऱ्याचे आभार मानले.

पुढचे काही आठवडे मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. मॅट्रिक ना मी? विश्वास नव्हता ना माझा? तरी रोज काही ना काही निमित्त काढून आत्याबाईंमागोमाग कोठीत शिरायचे आणि एकेका झाकणावरून बोट फिरवायचे. फुगलं तर नाही? माझ्या हातामुळे तर नाही? पण झाकणं जशीच्या तशी — मधोमध आत, घट्ट.

वैशाखात पहिली बरणी उघडली. चाकूचं टोक रबरापाशी घातलं, फस्सकन हवा आत गेली आणि हिवाळ्याचा वास घरभर पसरला. आत्याबाईंनी वाटी तोंडाला लावली. थांबल्या. परत लावली. “अवं माय! हे तं कालचंच वाटते!” अशी धावत गेली म्हातारी शेजारी वाटी घेऊन! दुपार व्हायच्या आत गल्लीतल्या बायका अंगणात जमल्या आणि आत्याबाई हात नाचवून सांगत होत्या, “माह्या सुनेचा हात चोख हाय! चोख हाताबिगर हे टिकतच नाई.”

चोख हात! मला इतकं हसू फुटलं, की मी पदर तोंडात कोंबून मोरीत पळाले. खरं सांगू? त्या दिवसाइतकी मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या दिवशी खूश झाले नसेन. विटाळाचं सगळं थोतांड मी एकटीनं पाडलं होतं, फळीवर रांगेनं पुरावा उभा होता — आणि पाडलंय हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुढं तर विचारूच नका. दर हिवाळ्यात बरण्या वाढत गेल्या. मटर, गाजर, भेदरं, सगळ्या भाज्यांचं मिळून एक पातळ सूप. अधूनमधून तारीख नेमकी त्याच दिवसांत यायची, मी निर्लज्जपणे लपवायची आणि एकही झाकण कधी फुगलं नाही. शकूचं, म्हणजे माझ्या नणंदेचं साक्षगंध — तुमच्याकडे साखरपुडा म्हणतात ते — भर वैशाखात ठरलं. हिंगणघाटची विहीण नाक मुरडतच आली होती. ताटात मटर-भात आणि सार बघितलं, मळ्याकडे बघितलं — मळा तर उन्हानं करपलेला! “हे कुठून आनलं?” म्हणून तिनं तोंडात बोट घातलं. आत्याबाईंनी विजयानं माझ्याकडे बघितलं आणि पाहुणे उठायच्या आत सगळ्यांदेखत कमरेची किल्ली सोडून माझ्या कमरेला खोचली. घरातल्या थोरल्या सुनेला ती एरवी सासू गेल्यावरच मिळायची. मला तिशीच्या आत मिळाली! मंडळानंही मग शिकवायला बोलावलं. आजूबाजूच्या गावांतल्या बाया यायच्या, मी टेबलामागे उभी राहून झाकणं पिळून दाखवायची. तो अभिमान मी आजही सोडलेला नाही, आणि सोडणारही नाही. बरण्या माझ्या होत्या. मेहनत माझी होती.

आता येते मूळ गोष्टीवर. येते, येते — जरा थांबा.

किल्ली माझ्याकडे आल्यावर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मीच आत्याबाईंना म्हटलं, यंदा आंब्याचं लोणचं इंदूला घालू द्या. आत्याबाई नको-हो करत तयार झाल्या. तुम्हाला सांगते, असं हरखलेलं माणूस मी पाहिलं नाही. एरवी गप्प असणारी इंदू फोडी करताना गुणगुणत होती. मोहरी तिनं स्वतः दळली, तेल स्वतः कडवून गार केलं, आणि भरलेल्या बरणीला फडकं बांधताना वळून मला म्हणाली, “जाऊबाई, आता मले बी या घरात काईतरी येते म्हनतीन.” एवढंच हवं होतं तिला. माझं गल्लीभर नाव होतं. तिला एक बरणी हवी होती.

आषाढात एके दिवशी नवऱ्याच्या कचेरीतली माणसं अचानक जेवायला आली. मी विहिरीवर रिकाम्या बरण्या धूत होते. तशीच धावत आत आले, ताटं केली, कोठी उघडली आणि हातातल्या डावानं इंदूचं लोणचं काढलं. तो डाव मी नुकताच पाण्यातून विसळून काढला होता. पुसला नव्हता. बरणीत घालताना त्यावरून पाणी निथळलेलं मी डोळ्यांनी बघितलं. बरण्या उकळून कोरड्या ठेवायला बायांना शिकवणारी मी — मला कळलं नाही म्हणू? कळलं. वाटलं, एवढ्यानं काय होतंय? फडकं बांधलं आणि वाढायला गेले.

पोळ्याच्या तोंडावर बरणी उघडली तर वर पांढरी साय धरावी तसा बुरा. खालपर्यंत वास मारत होता.

आत्याबाईंनी बरणी उचलून अंगणात आणून ठेवली. त्या ओरडल्या तशा शेजारणी भिंतीवरून डोकावल्या, मग आतच आल्या. बुरा म्हटल्यावर कुणाला दुसरं काही सुचलंच नाही — कुणी शिवलं? कोठीची किल्ली माझ्या कमरेला. बरणी उघडणारी मी. पण संशय माझ्यावर येणारच नव्हता, माझा हात चोख होता ना! आत्याबाई बोटांवर दिवस मोजत इंदूकडे वळल्या. लोणचं घातलं त्या दिवशी तू बाहेर होतीस, काऊन लपवलं? इंदू पांढरी पडली. “नाई आत्याबाई. देवाशपथ नाई.” कुणी ऐकलं नाही. मग आत्याबाई माझ्याकडे वळल्या. “तू सांग. तुमी दोघी एका चुलीपाशी राह्यता. होती का हे त्या दिवशी बाहेर?”

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. इंदूसुद्धा. तिच्या तोंडावर भीती नव्हती हो — सुटले आता, असं होतं. जाऊबाई खरं सांगतील, असं.

आणि मला काय काय माहीत होतं बघा. इंदू त्या दिवशी बाहेर नव्हती, हे पक्कं माहीत होतं. विटाळानं काही नासत नाही, हे तिथल्या सगळ्या बायांपेक्षा मला जास्त माहीत होतं; कोठीतल्या प्रत्येक बरणीनं ते सिद्ध केलं होतं. आणि लोणचं कशानं गेलं, हेही मला माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. ‘डाव ओला होता, आत्याबाई, चुकलं माझं.’ फार तर काय झालं असतं? दोन शिव्या. पण माझी घडी मोडली असती. चोख हाताची, किल्लीवाली, मंडळात शिकवणारी थोरली सून — तिच्या हातून ओला डाव?

मी म्हटलं, “असन.”

असेल. होती असंही नाही म्हटलं. तेवढा खोटेपणा करायचीही हिंमत नव्हती. खांदे उडवून, जमिनीकडे बघून — असन, बाप्पा.

पुरे झालं तेवढं. लोणचं उकिरड्यात पुरलं. इंदू रडली नाही. तिनं बरणी घासली, उन्हात पालथी घातली आणि मळ्यात निघून गेली. त्यानंतर आत्याबाई होत्या तोवर तिला कोठीचा उंबरा बंद झाला. लोणच्याचे दिवस आले की तिला मळ्यात पाठवायचं, पापडाचे दिवस आले की मळ्यात पाठवायचं. शेजारणी तिच्यासमोर आपल्या बरण्या पदराआड धरायच्या. आणि मी? मी बरण्या भरत होते. जोरात भरत होते! एकदा तिची लेक, सात-आठ वर्षांची असेल, जेवताना म्हणाली, “आई, तुले लोनचं येत नाई का वं?” इंदू म्हणाली, “नाई.” मी समोर बसून सार वाढत होते. मी वाढत राहिले.

ऐंशीच्या दशकात आत्याबाई गेल्या. पुढच्या ज्येष्ठात कैऱ्या आल्या तेव्हा मला मोठेपणा सुचला. किल्ली सोडून मी इंदूपुढे धरली. इंदू, यंदा लोणचं तू घाल. आता कोण विचारणार आहे?

तिनं किल्ली घेतली नाही. हसली जराशी. आणि कैऱ्या पुसत पुसत, जशी हवापाण्याची गोष्ट बोलावी तशी बोलली, “जाऊबाई, पहिल्या सालच्या तुमच्या बरण्या आठवते का? तुमचे कपडे पराटीमागं होते. आत्याबाई पराटी आनाले तिकडंच जाऊन राह्यल्या होत्या. म्याच भारा आडवा टाकलता.”

म्हणजे हिला माहीत होतं! पहिल्या दिवसापासून. त्या पोळ्याच्या वेळी अंगणात सगळ्यांसमोर उभी होती, मी ‘असन’ म्हटलं, तेव्हा माझा सगळा चोखपणा हिच्या मुठीत होता. तिनं मूठ उघडली नाही.

काऊन? मी विचारलं. “काऊन नाई सांगितलं तू?”

“सांगून का झालं असतं? मी त बाहेरच होती, तुमी बी झाल्या असत्या. बरन्या बंद पडल्या असत्या. पोट्टे उन्हाळ्यात किती आवडीनं प्यायचे सार.” मग हातातल्या कैरीकडे बघत म्हणाली, “अन् लोनच्याचं म्हनाल, तर विटाळ-गिटाळ काई नसते, हे तुमच्या बरन्यांनीच दावलं मले. मंग माह्याच हातून मीठ कमी पडलं असन.”

इतकी वर्षं ती मिठावर विचार करत होती. कुठं चुकलं, किती घातलं, कैरी आंबट होती का, मीठ ओलं होतं का. मी तिच्यासमोर बसले होते. घरात आम्ही दोघीच. आत्याबाई नाहीत, शेजारणी नाहीत, हरण्यासारखं काही उरलेलं नाही. आता तरी?

मी म्हटलं, असं होतं कधी कधी. आणि कैऱ्या कापायला घेतल्या.

माझ्या हातच्या बरण्यांची लोक अजून आठवण काढतात. पुतण्यांच्या बायका फोन करून विचारतात, काकू, ते सार तुम्ही कसं टिकवायच्या? मी अगदी रंगवून सांगते. इंदू आता नागपूरला लेकाकडे असते. तिच्या स्वयंपाकघरात लोणचं विकतचं असतं. मागच्या खेपेला जेवताना तिनंच मला वाढलं. “घ्या जाऊबाई. विकतचं हाय, पन टिकते.”

मी घेतलं. चवीनं खाल्लं.

मीठ बरोबर होतं, इंदू. अगदी बरोबर होतं. डाव ओला होता, आणि तो माझ्या हातात होता.